लिनक्सवर ऑटो लॉगिन चालू-बंद कसं करायचं, आणि मग तो कीरिंगचा पासवर्ड का मागतो

लिनक्स टाकताना एका टिकवर ऑटो लॉगिन (म्हणजे पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप उघडणं) चालू होतं आणि नंतर ते बंद करायचं म्हटलं की कुठं आहे तेच सापडत नाही, म्हणून सगळं एकत्र लिहितोय.

उबुंटूवर सेटिंग्ज उघडा, सिस्टीममध्ये जा, त्यात युझर्स (जुन्या व्हर्जनमध्ये युझर्स डावीकडच्या यादीतच दिसतं). तिथं आधी अनलॉक दाबून पासवर्ड टाकायचा, तो टाकेपर्यंत ऑटोमॅटिक लॉगिनचा स्विच फिकटच दिसतो आणि कितीही दाबला तरी हलत नाही, बरेच जण इथंच अडकतात. लिनक्स मिंटवर मेन्यूत लॉगिन विंडो शोधा, युझर्स टॅबमध्ये ऑटोमॅटिक लॉगिनखाली युझरनेम लिहा, बंद करायचं तर तो रकाना रिकामा करा. नाव मात्र होम फोल्डरचं जे आहे तेच लिहायचं, स्क्रीनवर दिसणारं पूर्ण नाव लिहिलं तर चालत नाही. केडीई डेस्कटॉप असेल तर सिस्टीम सेटिंग्जमध्ये लॉगिन स्क्रीन, तिथं बिहेवियर.

स्विच बदलूनही फरक पडला नाही तर फाइल बघा. उबुंटूवर ईटीसी फोल्डरमध्ये जीडीएम३ (लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या प्रोग्रामचा फोल्डर), त्यात कस्टम डॉट कॉन्फ (/etc/gdm3/custom.conf). त्यात डेमन या भागाखाली ऑटोमॅटिक लॉगिन एनेबलची (AutomaticLoginEnable) ओळ असते, तिच्यापुढं ट्रू किंवा फॉल्स. ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) असेल तर ती वाचलीच जात नाही, हे नीट बघा. आणि हात लावायच्या आधी फाइलची कॉपी काढून ठेवा, प्लीज.

आता खरी गोष्ट. ऑटो लॉगिन चालू केलं की ब्राउझर उघडल्यावर एक खिडकी येते, लॉगिन कीरिंग अनलॉक झालं नाही, पासवर्ड टाका. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, पण बिघडलेलं काही नसतं. सेव्ह केलेल्या पासवर्डची ही तिजोरी तुमच्या लॉगिन पासवर्डनेच उघडते, आणि तो तुम्ही टाकलाच नाही तर ती बंदच राहणार ना. पासवर्ड्स अँड कीज या अ‍ॅपमध्ये लॉगिनवर राइट क्लिक करून चेंज पासवर्ड घ्यायचा आणि नवा पासवर्ड रिकामा ठेवायचा, मग खिडकी येत नाही, पण सगळे पासवर्ड डिस्कवर उघडे पडतात. बाहेर नेण्याच्या लॅपटॉपवर मी हे कधीच करायला सांगणार नाही, त्यापेक्षा रोज पासवर्ड टाका.

पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी) केली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं चालू होतानाच एक पासवर्ड द्यावा लागतो, त्यामुळे मशीन एकटेच वापरत असाल तर पुढचं ऑटो लॉगिन ठेवायला माझी हरकत नाही. स्क्रीन लॉक ही मात्र वेगळी सेटिंग आहे, ऑटो लॉगिन असलं तरी ती चालूच ठेवा म्हणजे जागेवरून उठलात तरी कोणी थेट आत शिरणार नाही. सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क लागणाऱ्या कमांडसाठीचा, पासवर्डही पूर्वीसारखाच मागितला जातो.

झालं की तपासताना लॉगआउट करून बघू नका, लॉगआउट केल्यावर लॉगिन स्क्रीनच येते आणि वाटतं सेटिंग लागलीच नाही. रीस्टार्ट करून बघा.