ई-सिगारेटचा सेल: आधी वेष्टन तपासा

ई-सिगारेटमधला सुटा लिथियम-आयन सेल चार्जिंगला लावण्याआधी त्याचं प्लास्टिकचं वेष्टन नीट पाहा, विशेषतः धन टोकाजवळ. सेलचं बाकी सगळं धातूचं कवच ऋण असतं. धन टोक आणि हे कवच यांच्यामध्ये असते फक्त वीज अडवणारी एक पातळ चकती. तिथे वेष्टन फाटलं, की शॉर्टसर्किटला एक किल्ली किंवा नाणंही पुरतं. म्हणून सुटा सेल खिशात कधीच नको, प्लास्टिकच्या डबीतच ठेवा. उपकरणातलं संरक्षक सर्किट साधारण ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवतं, पण सेल बाहेर काढला की ते संरक्षण संपलं. अनेक सुट्या सेलना स्वतःचं सर्किट नसतंच. चेपलेला, गळणारा किंवा विनाकारण तापणारा सेल पुन्हा वापरू नका. आणि कृपा करून, रात्रभर उशाशी चार्जिंग नको.