ऑडिओ एडिटिंग: आवाज कमी-जास्त करताना आणि फेड देताना या चुका टाळा

आवाज फाटला की व्हॉल्यूम खाली ओढायचा, हा नवशिक्यांचा लाडका उपाय. फाटलेला आवाज हळू वाजवला तरी फाटकाच ऐकू येतो, हे किती वेळा सांगायचं?

ओळखीतल्या एका मुलाने मुलाखतीची फाईल पाठवली. "दादा, पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे ६ डीबीला आहे, तरी खरखरतंय." वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटांचं चित्र, मोठा करून बघितला. जिथे जिथे पाहुणे हसले होते तिथे लाटांचे माथे कात्रीने कापल्यासारखे सपाट, आणि सगळे बरोबर उणे ६ च्या रेषेवर. म्हणजे पठ्ठ्याने आधी ॲम्प्लिफाय करून, म्हणजे आवाज वाढवून, शून्य डीबी या डिजिटल कमाल मर्यादेच्या वर नेलं, १६ बिटमध्ये एक्सपोर्ट केलं आणि मग तीच फाईल उघडून आवाज उतरवला. ३२ बिट फ्लोटच्या (शून्याच्या वरचे आकडेही साठवणाऱ्या) प्रोजेक्टमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज परत खाली आणता येतो. १६ बिटची फाईल बनली की वरचं गेलं ते गेलं. मूळ रेकॉर्डिंग मागितलं, तर म्हणे जागा हवी होती म्हणून डिलीट केलं! डी-क्लिप या कापलेले माथे भरून काढणाऱ्या इफेक्टने थोडंफार सावरलं, हसणं मात्र शेवटपर्यंत चिरकंच राहिलं.

मी मूळ फाईलला हात लावत नाही. कॉपीवर काम करतो, पीक उणे ६ च्या आसपास ठेवतो आणि आवाज वाढवायचाच असेल तर एक्सपोर्टच्या आधी एकदाच वाढवतो. ऑडॅसिटी या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ॲम्प्लिफायमध्ये क्लिपिंगला, म्हणजे असे माथे कापले जाण्याला, परवानगी देणारा चौकोन असतो. त्यावर टिक करायची घाई कशाला?

फेडर, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची सरकपट्टी, खाली केला की आपोआप वर जातो? सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, ट्रॅकवर ऑटोमेशन, म्हणजे आवाजाचे आधीच आखून ठेवलेले चढउतार, आहे. त्या चढउतारांच्या रेषेचे, म्हणजे एन्व्हलपचे, बिंदू हलवा.

नॉर्मलाइझ केलं, म्हणजे पीक ठराविक पातळीवर आणलं, की सगळ्या क्लिप सारख्या ऐकू येतील, हाही गैरसमज. ते फक्त सर्वात उंच पीक बघतं. एक टाळी जोरात वाजली असेल तर बाकीचं बोलणं हळूच राहतं. अशा वेळी लाउडनेस, म्हणजे कानाला एकूण किती मोठं वाटतं ते मोजणारा एलयूएफएसचा आकडा जुळवा.

आता फेड, म्हणजे आवाज हळूहळू चढवणं (फेड-इन) किंवा उतरवणं (फेड-आउट). सरळ रेषेचा फेड-आउट दिसायला छान, कानाला मात्र शेवटी धपकन पडल्यासारखा वाटतो. कारण साधं आहे: अर्ध्या वाटेवर आवाज जेमतेम ६ डीबी उतरलेला असतो, नव्वद टक्क्यांवर २०, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत थेट शांतता. गाण्याच्या शेवटाला मी शेपटाकडे हळूहळू सपाट होत जाणारा वक्र घेतो आणि डोळे मिटून ऐकतो. स्क्रीनकडे बघून फेड ठरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

एक क्लिप उतरत असताना दुसरी चढते, त्या क्रॉसफेडच्या मधोमध आवाज खड्ड्यात जातो, तेव्हा बहुधा दोन वेगळे आवाज सरळ रेषांनी जोडलेले असतात. तिथे मधे आवाज उचलून धरणारा इक्वल पॉवर वक्र निवडा. एकाच सुराचे दोन तुकडे सांधताना मात्र तोच इक्वल पॉवर मधे फुगवटा आणतो, म्हणून तिथे इक्वल गेन, म्हणजे सरळ रेषांचा फेड.

कट केल्यावर टक् असा आवाज येतो, त्याला ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड पुरतो. बोलण्याच्या सुरुवातीला लांबलचक फेड-इन देऊ नका. 'नमस्कार'चा 'मस्कार' होतो. फेड श्वासावर संपवा, पहिल्या अक्षरावर नको.