अमेरिका–मेक्सिको युद्धाचा नकाशा: १८१९ ते १८४८ ची सरहद्द कशी काढावी

या युद्धाची कारणं पाठ करण्यापेक्षा नकाशावर काढली तर पक्की बसतात. मात्र तयार नकाशे गिरवू नका. त्यांतल्या बऱ्याच नकाशांत टेक्सास पहिल्यापासून आजच्या आकाराचं असतं, त्यामुळे ज्या पट्ट्यावरून युद्ध पेटलं तोच दिसेनासा होतो.

ए-थ्री कागद आडवा घ्या. प्रमाण १ सेमी = १०० किमी. प्रत्येक अक्षांशाला १.१ सेमी आणि रेखांशाला ०.९ सेमी धरा. १९ ते ४३ उत्तर आणि ९३ ते १२५ पश्चिम एवढा भाग पुरे. बाजूला साधारण १३ सेमी जागा उरेल. ती मोकळी ठेवा.

मूळ कागदावर फक्त १८१९ ची, स्पेनशी ठरलेली रेषा काढा. सबाईन नदीने ३२ अंशापर्यंत, तिथून सरळ उत्तरेला रेड नदी, तिच्या काठाने १०० पश्चिम रेखांश, मग आर्कान्सा नदी उगमापर्यंत, शेवटी ४२ उत्तर अक्षांशाने पॅसिफिक. १८२१ मध्ये स्वतंत्र झालेल्या मेक्सिकोला हीच सरहद्द मिळाली. म्हणजे टेक्सास, न्यू मेक्सिको, कॅलिफोर्निया हे सगळं तिच्या अलीकडे, मेक्सिकोत.

आता ट्रेसिंग पेपर. पहिल्यावर टेक्सास. विरळ वस्तीचा हा प्रांत भरावा म्हणून मेक्सिकोनेच अमेरिकी कुटुंबं बोलावली. वसाहत वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिन या अमेरिकी माणसाच्या पहिल्या वसाहतीचा करार ३०० कुटुंबांचा होता. कापूस पिकवणारे अनेक जण गुलाम घेऊन आले. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली (टेक्सासला लगेच सूट द्यावी लागली), १८३० मध्ये अमेरिकेतून येणाऱ्यांना मनाई केली. तोवर स्थानिक मेक्सिकन अल्पसंख्य झाले होते. पुढे टेक्सासने बंड केलं; बंडखोरांनी निर्णायक लढाई जिंकली त्या सान हासिंतोवर १८३६ ची खूण करा. तिथे मेक्सिकोचा अध्यक्ष व सेनापती सांता आना पकडला गेला आणि कैदेत असताना त्याने टेक्सासशी युद्ध थांबवण्याच्या करारावर सही केली. मेक्सिकोच्या काँग्रेसने (संसदेने) तो करार मानलाच नाही. म्हणून टेक्सासची हद्द तुटक रेषेने काढायची, सलग नाही.

खरी मेहनत दुसऱ्या ट्रेसिंगवर. न्युएसेस नदी निळ्याने, रिओ ग्रांदे नदी लाल रंगाने काढा. या दोन नद्यांमधला पट्टाच वादाचा. मेक्सिकोच्या काळात टेक्सास प्रांत न्युएसेसपाशी संपत असे. टेक्सासने मात्र १८३६ मध्ये थेट रिओ ग्रांदेपर्यंत हक्क सांगितला, उगमापर्यंत! म्हणजे जिथे त्यांची सत्ता कधी चाललीच नाही ते सांता फेसुद्धा त्यात आलं. १८४५ मध्ये अमेरिकेने टेक्सास सामील करून घेतलं तेव्हा हा दावाही पदरात पडला.

किनाऱ्याजवळ न्युएसेसच्या मुखाशी असलेलं कॉर्पस क्रिस्टी ते रिओ ग्रांदेच्या दक्षिण काठावरचं मातामोरोस हे अंतर उत्तर-दक्षिण सुमारे २१० किमी. मुख्य नकाशावर जेमतेम २ सेमी. नावं मावत नाहीत. त्यासाठीच बाजूची जागा राखली होती. तिथे १ सेमी = २० किमी प्रमाणाने हा भाग पुन्हा काढा आणि तारखा क्रमाने लिहा: १३ जानेवारी १८४६, रिओ ग्रांदेकडे पुढे सरकण्याचा अमेरिकी सेनापती टेलरला हुकूम; २८ मार्च, सैन्य मातामोरोससमोर; २५ एप्रिल, रिओ ग्रांदेच्या उत्तर काठावर थॉर्नटनच्या अमेरिकी तुकडीवर मेक्सिकन सैन्याचा हल्ला; १३ मे, अमेरिकेची युद्धघोषणा. अमेरिकी रक्त अमेरिकेच्या भूमीवर सांडलं, असं अमेरिकेचा अध्यक्ष पोकने तिथल्या काँग्रेसला सांगितलं. ही भूमी नेमकी कोणती, हे तेव्हा काँग्रेसचा सदस्य असलेल्या लिंकनने डिसेंबर १८४७ मध्ये विचारलं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे पट्टा रंगवून थांबणं. पोकला कॅलिफोर्निया हवा होता. त्याने १८४५ अखेरीस स्लाइडेलला खरेदीचा प्रस्ताव देऊन पाठवलं, पण मेक्सिको सरकारने त्याला दूत म्हणून स्वीकारलंच नाही. हल्ल्याची बातमी ९ मे रोजी वॉशिंग्टनला पोहोचण्याआधीच मंत्रिमंडळात युद्धाची चर्चा झाली होती. तेव्हा सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरालाही लाल वर्तुळ करा.

तिसऱ्या ट्रेसिंगवर ग्वादालूपे हिदाल्गोचा तह, २ फेब्रुवारी १८४८. टेक्सासची सीमा रिओ ग्रांदे ठरली. पश्चिमेचा मुलूख अमेरिकेने १.५ कोटी डॉलर देऊन घेतला; तो एका रंगाने भरा. ॲरिझोनाचा दक्षिण भाग आणि न्यू मेक्सिकोचा नैर्ऋत्य कोपरा या रंगात भरू नका. ती १८५३ च्या कराराची वेगळी खरेदी. तिथे फक्त तिरप्या रेघा मारा.