अंटार्क्टिकाची सहल: घरून निघण्याआधीच होणाऱ्या या चुका टाळा

परभणीला परतून वर्ष होत आलं, तरी भेटणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, पांढरं अस्वल दिसलं का?" नाही दिसलं, आणि दिसणारही नव्हतं. पांढरं अस्वल उत्तरेकडचं, अंटार्क्टिकाचे पेंग्विन दक्षिणेकडचे. दोघांची भेट फक्त चित्रातच होते.

प्रश्न साधा आहे, पण याच गैरसमजावर लोक बुकिंग करून बसतात, म्हणून हे लिहितो आहे. आपल्याकडचा माणूस अशी सहल आयुष्यात एकदाच करतो. कुणी ग्रॅच्युइटीतून करतो, कुणी प्लॉट विकून. खर्च माणशी दहा लाखांच्या घरात सहज जातो. आणि ही सहल बिघडते ती बहुतेक वेळा बर्फात नाही, घरी बसून घेतलेल्या निर्णयांमुळे.

कुठे आणि कधी, हे न ठरवता पैसे भरणं

पांढरं अस्वल, वॉलरस बघायचे असतील तर नॉर्वेच्या ताब्यातलं स्वालबार्ड. तिथे जहाजं साधारण मे ते सप्टेंबर फिरतात. पेंग्विन बघायचे तर अंटार्क्टिका, नोव्हेंबर ते मार्च. महिन्यामहिन्यातही फरक आहे. नोव्हेंबरात बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन दगड गोळा करून घरटी बांधत असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्लं दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये देवमासे भरपूर, पण वसाहतींच्या आसपासचा बर्फ विष्ठेने लालसर आणि चिखलट झालेला असतो. तुम्हाला काय बघायचंय त्यावर महिना निवडा, सुट्टी कधी मिळते त्यावर नको.

आणखी एक अपेक्षा मोडून टाकावी लागते. उंच, गळ्याशी पिवळा रंग असलेला सम्राट पेंग्विन नेहमीच्या मार्गावर क्वचितच दिसतो. तिथे भेटतात ते जेंटू, चिनस्ट्रॅप आणि अडेली. आपल्या देशाचं 'मैत्री' हे संशोधन केंद्रही वाटेत लागत नाही. १९८९चं मैत्री आणि २०१२चं भारती ही दोन्ही केंद्रं खंडाच्या पूर्व भागात आहेत, पर्यटक जहाजं जातात त्या द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटर लांब.

मोठं जहाज म्हणजे चांगलं जहाज, असं समजणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अंटार्क्टिकात पर्यटन करणाऱ्या कंपन्यांची संघटना १९९१पासून आहे आणि तिचे नियम कडक आहेत. पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेलं जहाज कुणालाही किनाऱ्यावर उतरवत नाही. म्हणजे दहा दिवस काचेतून बर्फ बघायचा आणि परत यायचं. लहान जहाजांसाठीही एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं, हा नियम आहे. म्हणून शंभर-सव्वाशे प्रवाशांच्या जहाजावर तुम्ही उतरण्याचा जवळजवळ सगळा वेळ किनाऱ्यावर असता. चारशेच्या जहाजावर पाळी येण्याची वाट बघण्यात दिवस जातो.

ट्रॅव्हल एजंटला दोनच प्रश्न विचारा: जहाजावर प्रवासी किती, आणि किनाऱ्यावर उतरणं पॅकेजमध्ये आहे का? उत्तर लेखी घ्या. पत्रकात पेंग्विनचा फोटो आहे, याचा अर्थ तुम्ही पेंग्विनजवळ उभे राहाल असा होत नाही.

कागदपत्रांतल्या दोन खाचा

पहिली, पिवळ्या तापाची लस. अंटार्क्टिकाची बहुतेक जहाजं अर्जेंटिनाच्या उशुआया बंदरातून सुटतात. अर्जेंटिना भारत सरकारच्या पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहे. तिथून परत येताना लसीचा दाखला नसेल, तर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जाताना कुणी अडवत नाही म्हणून लोक गाफील राहतात. अडचण येते ती घरी परतताना. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो आणि मग आयुष्यभर चालतो. लस देणारी केंद्रं मोजकीच आहेत, तारीख आधी घ्यावी लागते. आमच्या गटातल्या एका जोडप्याला सहल विकणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. निघायच्या बारा दिवस आधी त्यांना कळलं आणि देवगिरी एक्सप्रेस पकडून त्यांनी मुंबई गाठली. साठीच्या पुढच्यांनी ही लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं, कारण त्या वयात तिचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते.

दुसरी खाच स्वालबार्डची. तिथे जायला व्हिसा लागत नाही हे खरं, पण वाट ऑस्लोवरून जाते आणि नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. स्वालबार्ड मात्र शेंगेनच्या बाहेर. तिथून ऑस्लोला परत येणं हा शेंगेनमध्ये दुसरा प्रवेश ठरतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. अर्जातच एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा.

विम्याबद्दल थोडक्यात: पॉलिसीत ध्रुवीय प्रदेश वगळलेला नाही ना, आणि आजारी पडल्यास तिथून हलवण्याचा खर्च धरला आहे ना, हे वाचून घ्या. रुग्णाला तिथून विमानाने हलवायचं म्हणजे खर्च फार मोठा असतो.

एका दिवसाची उसंत न ठेवणं

भारतातून उशुआयापर्यंत दीड-दोन दिवस सहज लागतात. ब्यूनोस आयर्समध्ये दोन वेगळे विमानतळ आहेत. परदेशातून उतरता एका ठिकाणी, आणि उशुआयाचं विमान बऱ्याचदा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विमानतळावरून सुटतं. मध्ये ट्रॅफिक. एक विमान चुकलं की जहाज चुकलं, जहाज कुणासाठी थांबत नाही. निदान एक, जमल्यास दोन रात्री आधीच पोहोचा. औषधं, एक गरम कपड्यांचा जोड आणि चष्मा हातातल्या बॅगेतच ठेवा. सामान आलंच नाही तर घाबरू नका. उशुआयात थंडीचे कपडे भाड्याने देणारी दुकानं आहेत.

थंडीची चुकीची कल्पना

उणे पन्नास अंश डोळ्यांपुढे ठेवून लोक बॅगा भरतात. द्वीपकल्पावर तिथल्या उन्हाळ्यात तापमान शून्याच्या आसपास असतं. आमच्या परभणीतही पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतातच. त्रास होतो तो वाऱ्याचा आणि ओलाव्याचा. म्हणून जाड स्वेटरपेक्षा थर महत्त्वाचे: अंगालगत लोकर, मधे उबदार थर, वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पँट.

सुती बनियन मात्र घरीच ठेवा. आपल्याकडचा मेंढपाळ पावसात घोंगडी पांघरून उभा राहतो, कारण ओली झाली तरी लोकर ऊब धरते. सूत भिजलं की अंगाची ऊब ओढून घेतं. हातमोज्यांचे दोन जोड घ्या, एक भिजतोच. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने चेहरा चैत्रातल्या रानात भाजतो तसा भाजतो. बूट आणि जॅकेट बऱ्याच कंपन्या देतात, आधी विचारा, उगाच विकत घेऊ नका.

ड्रेक पॅसेजला गृहीत धरणं

दक्षिण अमेरिकेचं टोक ते अंटार्क्टिका, मध्ये सुमारे आठशे किलोमीटरचा खुला समुद्र. जायला दोन दिवस, यायला दोन. ज्याने आयुष्यभर जायकवाडीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नाही, त्याला याची कल्पना करता येत नाही. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन फारसा उपयोग नाही. पोटात टिकतच नाही. जहाज सुटण्याआधी घ्या, कोणती ते डॉक्टरांना विचारून. खोली निवडता आली तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली घ्या, तिथे हेलकावे कमी बसतात. वरची खिडकीवाली खोली महाग असते आणि जास्त डोलते.

त्रास सुरू झालाच तर कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा, थोडं थोडं पाणी, आणि नजर क्षितिजावर. नाहीतर सरळ आडवं व्हा. उपाशी राहिलात तर मळमळ वाढते. चालताना एक हात कायम कठड्याला हवा. दाराच्या चौकटीत बोटं घालू नका. लाट आली की ते जड दार एकदम आपटतं.

किनाऱ्यावर उतरल्यावर

उतरण्याआधी बूट धुतात, कपडे तपासतात. मी सदऱ्याची बाही उलटी केली तेव्हा शिवणीत एक कुसळ अडकलेलं सापडलं, शेतातून आलेलं, दोन वेळा धुऊनही न निघालेलं. त्या खंडावर बाहेरचं बी पडू नये म्हणून ही सगळी काळजी. निघण्याआधी घरीच बॅगेचे कोपरे, पायमोजे, जॅकेटच्या चिकटपट्ट्या (वेल्क्रो) नीट साफ करा. खाण्याची कुठलीही वस्तू किनाऱ्यावर चालत नाही. शेंगदाण्याची चटणी खोलीत ठेवा.

२०२४मध्ये द्वीपकल्पावर बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याची खात्री झाली. तेव्हापासून जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणं बंद आहे. फोटोसाठी आडवे पडण्याची सवय असेल तर आधीच सोडा. पेंग्विनपासून पाच मीटर अंतर तुम्ही राखायचं. तो स्वतः जवळ आला तर हलू नका, त्याला जाऊ द्या.

हिमनदीच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे बोटवाल्याला "थोडं जवळ घ्या" म्हणणं. कडा कोसळला की लाट उठते, आणि तरंगता हिमखंडही कधी उलटेल सांगता येत नाही, कारण त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. द्वीपकल्पावरच्या नेको हार्बर या उतरण्याच्या ठिकाणी तर कडा तुटल्यावर लाट किनाऱ्यावर चढते, तिथे पाण्याच्या कडेला रेंगाळायचंच नाही. आवाज ऐकायचा असेल तर लांबूनच ऐका. आधी गडगडाट होतो, मग छोटे तुकडे आजूबाजूला येतात आणि पाण्यात कडकड वाजतात. त्या बर्फात दाबून बसलेली शेकडो वर्षांपूर्वीची हवा तेव्हा सुटत असते.

आणि बर्फातल्या वाटा. पेंग्विन समुद्रापासून घरट्यापर्यंत एकाच रेषेत चालून चर पाडतात. त्या चरात आपण पाय ठेवायचा नाही, ओलांडायचा असेल तर पेंग्विन जाईपर्यंत थांबायचं. माझा पाय एकदा मऊ बर्फात गुडघ्यापर्यंत रुतला. काढला आणि पुढे निघालो. मागून येणारी गाइड मुलगी थांबली, वाकली आणि बुटाच्या टाचेने बर्फ ढकलत तो खड्डा बुजवू लागली. एवढ्या खोल खड्ड्यात जेंटू पडला तर त्याला वर येता येत नाही, म्हणाली. मी परत फिरलो आणि मागचे माझे बाकीचे खड्डे बुजवत किनाऱ्यापर्यंत गेलो.