नवा अभ्यासक्रम, नवं मूल्यमापन: शाळेतल्या शिक्षकांची तयारी कशी करून घ्यावी

काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रातल्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या) शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलं होतं. पीपीटी चांगली होती, चर्चाही भरपूर झाली. शेवटच्या दुपारी एका मॅडमनी विचारलं, "सर, सोमवारी पहिल्या तासाला वर्गात गेल्यावर मी नेमकं काय वेगळं करू?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून शिक्षकांची तयारी करून घेताना मी तोच प्रश्न समोर ठेवतो. खाली लिहिलेलं सगळं त्या सोमवारसाठी आहे. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, साधनव्यक्ती (शिक्षकांना मार्गदर्शन करणारे) किंवा शाळेतले अनुभवी शिक्षक यांना ते आपापल्या ठिकाणी करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनाही शाळेत काय घडतंय याचा अंदाज येईल.

पायरी १: एका पानावर उतरवा, कोणासाठी काय बदलतंय

बदलाची भीती बहुतेक वेळा अर्धवट माहितीतून येते. व्हॉट्सॲपवर परिपत्रकं फिरत असतात, एकात पहिलीचं, दुसऱ्यात दहावीचं, आणि शिक्षकाला वाटतं की सगळंच उद्यापासून बदलणार. म्हणून पहिलं काम म्हणजे एका पानाचा तक्ता.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यावर आधारित शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आणि महाराष्ट्राचा राज्य आराखडा २०२४ मध्ये आला. जुन्या १०+२ ऐवजी ५+३+३+४ अशी रचना आली: पायाभूत स्तर (पहिलीआधीची बालवाटिकेची तीन वर्षं, पहिली, दुसरी), पूर्वतयारी (तिसरी ते पाचवी), पूर्व माध्यमिक (सहावी ते आठवी) आणि माध्यमिक (नववी ते बारावी). १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयात अंमलबजावणीचे टप्पे ठरले: २०२५-२६ ला पहिली, २०२६-२७ ला दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी, २०२७-२८ ला पाचवी, सातवी, नववी, अकरावी आणि २०२८-२९ ला आठवी, दहावी, बारावी. त्याच निर्णयातली भाषांची तरतूद (पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा) पुढे बदलली, हे सगळ्यांना आठवत असेल. म्हणून तक्ता पेन्सिलीने करा आणि दर सत्राला ताज्या परिपत्रकाशी ताडून पाहा.

हा क्रम नीट पाहिला तर अडचणीच्या दोन ठळक जागा दिसतात. जूनमध्ये नव्या सहावीत बसणारं मूल जुन्या पाचवीतून आलेलं असतं. तसंच नव्या नववीत येणारं मूल जुनी आठवी शिकून आलेलं असतं. या दोन उंबरठ्यांवर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सेतू अभ्यासासाठी (जुन्या-नव्यातली दरी भरून काढण्यासाठी) राखून ठेवा आणि वार्षिक नियोजनात ते आधीच लिहा. दुसरी अडचण द्विशिक्षकी शाळेची. तिथे चौथी नवी आणि पाचवी जुनी, आणि दोन्ही एकाच खोलीत एकाच शिक्षकाकडे, असं एक वर्ष येतंच. त्या शिक्षकाला प्रशिक्षणात वेगळं बसवून, दोन्ही पुस्तकं समोर ठेवून, कोणते घटक एकत्र घेता येतील याचं नियोजन करून द्यावं लागतं. एवढ्यानेही त्याचा निम्मा भार हलका होतो.

पायरी २: जुनं काय टिकतंय ते आधी सांगा

आपल्या शिक्षकांना आकारिक (शिकवताना वर्षभर चालणारं) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) मूल्यमापन २०१० पासून माहीत आहे. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के आणि संकलित ३० टक्के, सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६०, हे त्यांना तोंडपाठ असतं. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, स्वाध्याय ही तंत्रं त्यांनी वापरली आहेत. नव्या आराखड्यातलं 'क्षमताधारित मूल्यमापन' याच वाटेवरचं पुढचं पाऊल आहे. वीस वर्षं नोकरी झालेल्या गुरुजींना "आता सगळं विसरा" असं सांगणं अन्यायाचं आहे आणि उपयोगाचंही नाही. त्यांच्या टाचणवहीतला (पाठाच्या तयारीच्या वहीतला) एक चांगला पाठ घ्या, त्यातली अध्ययन निष्पत्ती (मुलाला शेवटी काय यायला हवं ते) नव्या कागदातल्या कोणत्या क्षमतेशी जुळते ते त्यांनाच शोधू द्या. बहुतेक जुळतातच. जिथे जुळत नाही तिथे खरं प्रशिक्षण हवं, आणि तुमचा वेळ तिथेच द्या.

पायरी ३: मुलाची वही टेबलावर ठेवा

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, प्रत्येकाने आपल्या वर्गातली एक वही आणायची. चांगल्या अक्षराची, निवडक वही नको. जिच्याविषयी प्रश्न पडलाय ती हवी. एकदा तिसरीतल्या एका मुलीच्या वहीत हे होतं:

४२ − १७ = ३५
६३ − २८ = ४५
५१ − ३६ = २५

पहिला प्रश्न विचारला, "गुण किती?" सगळ्यांचं एकमत: शून्य. दुसरा प्रश्न: "प्रगतिपत्रकात काय लिहाल?" कोणी लिहिलं, "वजाबाकीत सुधारणा आवश्यक." कोणी लिहिलं, "सराव हवा." मग म्हटलं, आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त वही पाहायची. थोड्या वेळाने एक तरुण शिक्षक म्हणाले, "सर, ही चुकत नाहीये, ही एक नियम पाळतेय. वरचा असो की खालचा, मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतेय. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २."

अगदी बरोबर. तिन्ही गणितांत तोच नियम. म्हणजे तिला अंकांची वजाबाकी येते, दशकाच्या जागी दशक आणि एककाच्या जागी एकक मांडताही येतं. फक्त एक दशक सोडवून त्याचे दहा सुटे होतात, हे तिच्या हाताने कधी झालेलं नाही. हिला आणखी वीस गणितांचा सराव दिला तर ती चुकीचा नियमच पक्का करेल. हिला काड्यांचे गठ्ठे द्यायला हवेत: चार गठ्ठे, दोन सुट्या काड्या, आणि "यातल्या सतरा मला दे." गठ्ठ्याचं रबर तिने स्वतः काढलं पाहिजे.

मग नोंद पुन्हा लिहायला सांगितली. या वेळी अशी आली: "बिनहातच्याची वजाबाकी करते. हातचा असेल तिथे लहान अंक मोठ्यातून वजा करते. गठ्ठा सोडवून दिला की जमतं का, ते या आठवड्यात पाहायचं."

ही नोंद वाचून पुढच्या सोमवारी काय करायचं ते कळतं. "सुधारणा आवश्यक" वाचून काहीच कळत नाही. क्षमताधारित मूल्यमापन म्हणजे काय, हे त्या दुपारी व्याख्या न सांगता सगळ्यांच्या लक्षात आलं.

हे करताना दोन पथ्यं पाळा. वहीवरचं मुलाचं नाव झाका. आणि ज्या शिक्षकाची वही आहे त्याच्या शिकवण्यावर कोणी बोट ठेवू देऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात सगळे फक्त सुंदर वह्या घेऊन येतील.

पायरी ४: प्रश्न लिहायला बसा

नव्या पद्धतीच्या चाचण्यांत मुलाला माहिती वापरता येते का हे पाहिलं जातं. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर झालेलं 'परख' हे राष्ट्रीय सर्वेक्षणही तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांच्या क्षमता तपासण्यासाठीच होतं. पण तयार प्रश्नपेढी हातात देऊन शिक्षक तयार होत नाहीत. त्यांनी स्वतः प्रश्न लिहायला हवेत, आणि लिहिलेले खोडायलाही हवेत.

नेहमीचा प्रश्न घ्या: "९ वाजून ४० मिनिटे + १ तास ३५ मिनिटे = किती?" आता तो गावात आणा:

"आजीला सकाळी साडेअकरापर्यंत तालुक्याच्या दवाखान्यात पोचायचं आहे. एसटी ८:५०, ९:४० आणि १०:२० ला सुटते. प्रवासाला १ तास ३५ मिनिटं लागतात. स्टँडपासून दवाखाना चालत १० मिनिटांवर आहे. आजीने कोणत्या गाडीने जावं? का?"

९:४० ची गाडी ११:१५ ला पोचते, दवाखान्यात ११:२५. हे अपेक्षित उत्तर. पण प्रश्न वर्गात दिल्यावर एखादं मूल हमखास लिहितं, "८:५० ची, कारण माझी आजी हळू चालते." याला गुण द्यायचे का? इथे शिक्षकांना वाद घालू द्या. माझं मत स्पष्ट आहे: वेळेचा हिशोब बरोबर मांडला असेल आणि कारण पटणारं असेल तर पूर्ण गुण. त्यासाठी गुणदानाचे निकष आधी लिहून ठेवावे लागतात: माहितीतली योग्य वेळ निवडली, बेरीज बरोबर केली, निर्णयाला कारण दिलं. तीन निकष पुरेत. सात-आठ केले की कोणी वापरत नाही.

आणि एक सावधगिरी. साध्या गणिताला बाजाराचा किंवा शेताचा मुलामा दिला म्हणून तो प्रश्न क्षमताधारित होत नाही. मुलाला काही निवडायचं, ठरवायचं, कारण द्यायचं नसेल तर ते जुनंच शाब्दिक उदाहरण आहे.

पायरी ५: नोंदींचा डोंगर होऊ देऊ नका

समग्र प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या नोंदीबरोबर मुलाचं स्वतःबद्दलचं मत, सवंगड्यांचं मत आणि पालकांचं मत यांनाही जागा आहे. कल्पना फार चांगली आहे. पण तीस-चाळीस मुलांची पत्रकं सत्राच्या शेवटी दोन रात्रींत भरायची म्हटलं की एकाच नोंदीची नक्कल चाळीस वेळा होते. त्यात शिक्षकाचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त.

यावर साधी सवय: रोज पाच मुलं. सकाळी ठरवायचं, आज ही पाच. दिवसभरात त्यांच्याविषयी एकेक ओळ, पाहिलेलं तेवढंच, शेरा नको. शनिवार धरून सहा दिवसांत तीस मुलं होतात. सत्राअखेर प्रत्येक मुलाच्या दहा-बारा खऱ्या ओळी हाताशी असतात आणि पत्रक त्यांतूनच भरतं.

मुख्याध्यापकांनी मात्र एक काम केलंच पाहिजे. नवी नोंदवही सुरू करताना, तीच माहिती मागणारी कोणती जुनी वही बंद करता येईल ते केंद्रप्रमुखांशी बोलून ठरवा आणि शिक्षकांना लेखी कळवा. असं केल्याशिवाय "ओझं वाढणार नाही" असं म्हणू नका.

पायरी ६: पालकांना आधी सांगा

पालक विचारणार, "नंबर कितवा?" आणि पत्रकात नंबर दिसला नाही की शाळा अभ्यास घेत नाही असं समजणार. पालकसभेत वजाबाकीचं तेच उदाहरण फळ्यावर लिहा, दोन्ही नोंदी वाचून दाखवा आणि विचारा, "तुमच्या मुलीबद्दल यातलं काय कळलेलं आवडेल?" पुढे फार बोलावं लागत नाही.

पाचवी आणि आठवीच्या पालकांना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीनुसार राज्याने २०२३ मध्ये या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा आणली. त्यात अनुत्तीर्ण झालेल्या मुलाला जादा मार्गदर्शन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी मिळते. तीही हुकली तर मूल त्याच वर्गात राहतं. हे एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही. ज्या मुलांना मदत लागणार आहे त्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी तयार असावी आणि त्यांच्या पालकांशी एकेकट्याने बोलणं झालेलं असावं.

पायरी ७: वर्गात जा, पण तपासायला नको

राष्ट्रीय धोरणाने शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचा सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास सुचवला आहे. हे तास 'दीक्षा' या शासनाच्या ऑनलाइन मंचावरचे व्हिडिओ पाहून भरता येतात, पण शिक्षकाच्या हाताला वळण वर्गातच लागतं. म्हणून प्रशिक्षणानंतर पंधरा दिवसांत प्रत्येकाच्या वर्गात एकदा जा. तक्ता घेऊन मागच्या बाकावर बसू नका. "आज गणिताचा तास आपण दोघं मिळून घेऊ" असं म्हणा. तुम्ही गठ्ठे घेऊन एका गटात बसा, शिक्षक दुसऱ्या गटात बसतील. तास संपल्यावर व्हरांड्यात उभ्या उभ्या दहा मिनिटं बोला: कुठे मुलं अडली, उद्या काय करून पाहायचं. तुमचा गट जमला नाही तर तेही सांगा, शिक्षक मग मोकळेपणाने बोलतात.

निघताना शिक्षकांनाच एक वही निवडायला सांगा. पुढच्या शिक्षण परिषदेत सुरुवात त्या वहीपासून करा, आणि गेल्या महिन्यातल्या मुलीची नवी पानंही मागवा. आमच्या त्या मुलीच्या वहीत तीन आठवड्यांनी ४२ − १७ पुढे २५ लिहिलेलं होतं आणि शेजारी पेन्सिलीने काढलेला, रबर सुटलेला काड्यांचा एक गठ्ठा होता.