एक्झॉस्ट फॅनचा स्मार्ट स्विच बिघडला? आधी न्यूट्रल तपासा

न्हाणीच्या एक्झॉस्ट फॅनला स्मार्ट स्विच बसवला आणि आठवड्याभरात तो रुसू लागला, की पहिला सल्ला येतो ‘रिसेट करा’, दुसरा ‘स्विच बदला’. नवा स्विचही तसाच वागतो, कारण दोष बहुधा स्विचमध्ये नसतोच. बोर्डात न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) नसतो, किंवा असतो तो भलत्याच ठिकाणाहून ओढलेला असतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका. ॲप आणि वायफाय सगळ्यात शेवटी.

मेन स्विच बंद करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. आपल्याकडे न्हाणीचा दिवा आणि एक्झॉस्ट सहसा इन्व्हर्टरच्या लाईनवर असतात. मेन पाडल्यावर इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि तुम्ही उघडलेल्या बोर्डात २३० व्होल्ट तसेच उभे राहतात. बोर्ड उघडल्यावर टेस्टर लावून खात्री करा. वायरिंगची सवय नसेल तर हात वायरमनचे असू द्या, पण त्याला काय तपासायला सांगायचे ते तुम्हाला माहीत हवे.

फॅनच्या जागी बल्ब

फॅनच्या दोन वायरी सोडवा आणि तिथे होल्डरसकट ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब जोडा. एलईडी बल्ब चालणार नाही, तो चोरट्या करंटवरही मिणमिणतो आणि दिशाभूल करतो. आता वीज चालू करून स्विच हाताने आणि ॲपवरून दहा-बारा वेळा चालू-बंद करा.

बल्बवरही तोच घोळ झाला तर दोष स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. बल्ब नीट चालला तर एकतर फॅन बिघडलेला आहे, नाहीतर स्विच त्या फॅनसाठी योग्य नाही. फॅन पात्यांना बोट लावून फिरवून पाहा. सोडल्यावर दोन-तीन फेरे सहज व्हायला हवेत. अडखळला तर धूळ-जळमटे काढा, बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा, बाहेरच्या झडपा अडकल्या नाहीत ना ते बघा. खोबरेल तेल घालू नका, थंडीत ते थिजते. बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, निपाणी, अथणीच्या ऊसपट्ट्यात पंपसेट चालू असताना घरातला व्होल्टेजही मोजा. तो फार खाली गेला तर छोटी मोटर कधीकधी नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि शिव्या स्विचला बसतात.

लक्षण ओळखा

स्विच बंद आहे तरी फॅन हलका गुणगुणतो किंवा पाती रेंगाळत फिरतात: स्विच विनान्यूट्रल प्रकारचा आहे. फॅन चालू केला की स्विच टक-टक करतो, पुन्हा पुन्हा ऑफलाइन जातो: कारण तेच. फॅन बंद करतानाच स्विच रिस्टार्ट होतो: मोटरचा झटका. ॲपमध्ये बंद दिसतो आणि फॅन फिरतच राहतो: रिलेचे (स्विचच्या आतला चालू-बंद करणारा भाग) कॉन्टॅक्ट चिकटले. मधूनच आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो: न्यूट्रल चुकीचा, किंवा फॅनच्या वाइंडिंगमध्ये ओल. हे दोन वेगळे करायला पुन्हा तोच बल्ब कामाला येतो. बल्ब लावल्यावरही आरसीसीबी पडत राहिला तर फॅनला दोष देऊ नका.

टच पॅनेल असेल तर एक्झॉस्ट त्याच्या ‘फॅन’ चॅनेलला जोडलेला नाही ना, तेही बघा. ते चॅनेल छताच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करण्यासाठी असते. एक्झॉस्ट साध्या चालू-बंद चॅनेलवर हवा.

न्यूट्रल

स्मार्ट स्विचच्या आत छोटे सर्किट चोवीस तास जागे असते आणि त्याला स्वतःची वीज लागते. ज्या स्विचला न्यूट्रल जोडतात, तो ती फेज आणि न्यूट्रलमधून सरळ घेतो. विनान्यूट्रल स्विच ती फॅनमधूनच चोरतो. बंद असताना काही मिलिअँपिअर फॅनमधून वाहत राहतात, म्हणून गुणगुण. चालू असताना तो फॅनच्या करंटमधून आपला वाटा काढतो. ६ इंची एक्झॉस्ट ३०-४० वॉटचा. त्याचा करंट इतका थोडा असतो, की स्विचची उपासमार होते, तो बंद पडतो, पुन्हा उठतो. हीच ती टक-टक.

यावर ‘बायपास कपॅसिटर (लोडला समांतर जोडायचा) लावा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दिव्यासाठी तो ठीक आहे. मोटरसाठी ती मलमपट्टी आहे: गुणगुण थोडी कमी होते, टक-टक राहते. एक्झॉस्ट फॅनला विनान्यूट्रल स्विच लावूच नये. लावला असेल तर काढा, दिव्याला वापरा, आणि फॅनच्या बोर्डात न्यूट्रल आणा.

आता तो आणायचा कुठून? बहुतेकांची चूक इथेच होते. न्हाणीच्या दाराबाहेरच्या जुन्या बोर्डात बहुधा फक्त फेज येते आणि दिव्याकडे, फॅनकडे जाणाऱ्या वायरी निघतात. न्यूट्रल वरच्यावर परस्पर गेलेला असतो. मग घाईतला वायरमन जवळ दिसेल ती काळी वायर पकडतो. बेळगावच्या शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांत तर सगळ्या वायरी एकाच रंगाच्या निघतात, तिथे रंगावर विश्वास ठेवणे म्हणजे चिठ्ठी उचलणे.

तीन ठिकाणचा न्यूट्रल कधीही घेऊ नका.

पहिले, अर्थिंगची हिरवी वायर. फेज आणि अर्थिंगमध्येही स्विच सुरू होतो, ॲपमध्ये दिसतो, सगळे खूश. आरसीसीबीसुद्धा लगेच पडत नाही, कारण स्विचला लागणारा करंट काही मिलिअँपिअर आणि आरसीसीबीची मर्यादा ३० मिलिअँपिअर. म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे लपून राहते. पण अर्थिंगची वायर पुढे कुठे तुटली, किंवा उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून अर्थिंग निकामी झाले, तर स्विचमधून आलेली फेज त्याच हिरव्या वायरीने गिझरच्या अंगावर आणि नळापर्यंत जाते. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाला थोडे मिलिअँपिअरही जड जातात. कुणी ‘चालतंय की’ म्हणाला तर ते काम तिथेच थांबवा.

दुसरे, शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल. गिझरचा पॉइंट हाताशी असतो म्हणून तिथून उसना घेतात. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून बघतो. तुमचा परतीचा करंट दुसऱ्या आरसीसीबीच्या वाटेने गेला की हिशोब चुकतो. एका स्विचने काही होत नाही. असे चार स्विच झाले, त्यात गिझरची थोडी गळती मिळाली, की पहाटे पाणी तापवताना घराचा मोठा भाग अंधारात जातो आणि कारण कुणालाच सापडत नाही. शिवाय एक्झॉस्टचा एमसीबी पाडला तरी ती न्यूट्रल वायर दुसऱ्या चालू सर्किटशी जोडलेलीच राहते.

तिसरे, फेज इन्व्हर्टरची आणि न्यूट्रल मेनचा, किंवा उलटे. ओळखायची खूण सोपी आहे: लाईट गेल्यावर न्हाणीचा दिवा लागतो, पण स्मार्ट स्विच मेलेला असतो. काही घरांत दोन्हींचा न्यूट्रल एकच असतो, तिथे ही खूण दिसणार नाही.

बरोबर न्यूट्रल मिळण्याची खात्रीची जागा म्हणजे खुद्द फॅन. फॅनच्या कनेक्टरवर दोन वायरी येतात, एक स्विचकडून आलेली, दुसरी न्यूट्रल. त्या न्यूट्रलवरून १ चौरस मिलिमीटरची काळी तांब्याची वायर जोडा आणि ज्या पाइपमधून स्विचची वायर वर आली आहे, त्याच पाइपमधून खाली बोर्डात ओढा. सर्किट तेच, उसनवारी नाही. पाइप मोकळा असेल तर स्प्रिंग घालून अर्ध्या तासाचे काम. वायर अडकली तर जोर लावून ओढू नका. जुन्या वायरीचे आवरण सोलवटते आणि नवे दुखणे विकत घ्याल. पाइप गच्च भरलेला असेल तर जुनी वायर ओढण्यासाठी वापरून दोन्ही वायरी नव्या घाला. खानापूरकडच्या चिऱ्याच्या भिंतीत झिरी पाडण्यापेक्षा वरून पट्टी मारलेली बरी.

जोडण्याआधी पक्की खात्री करा. एकट्या मल्टिमीटरवर भरवसा ठेवू नका. शेजारच्या वायरीच्या प्रभावाने तुटक्या वायरीवरही तो ५०-८० व्होल्ट दाखवतो. टेस्टरही तसाच फसतो. टेस्ट लॅम्प लावा: ६० वॉटचा बल्ब, दोन लांब वायरी, टोके झाकलेली. एक टोक फेजला, दुसरे शोधलेल्या वायरीला. बल्ब पूर्ण तेजाने लागून राहिला आणि आरसीसीबी पडला नाही, तर न्यूट्रल त्याच आरसीसीबीचा आहे. आरसीसीबी तत्काळ पडला तर ती वायर अर्थिंगची किंवा दुसऱ्या आरसीसीबीच्या सर्किटची आहे, कारण बल्बमधून पाव अँपिअरच्या वर करंट जातो. घरात आरसीसीबीच नसेल तर बल्ब दोन्हीवर सारखाच लागेल आणि ही चाचणी उपयोगाची नाही. अख्ख्या घराला एकच आरसीसीबी असेल तर अर्थिंग ओळखू येईल, पण शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल नाही. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करून डीबीमधल्या (एमसीबींच्या पेटीतल्या) न्यूट्रल पट्टीवरून त्या सर्किटची वायर सोडवा आणि लांब वायर लावून मल्टिमीटरच्या बीपने टोकापासून टोकापर्यंत जुळवा. कंटाळवाणे आहे, पण याला दुसरी वाट नाही.

थ्री-फेज मीटर असलेल्या घरात आधी मल्टिमीटर लावा. दोन वायरींमध्ये ४०० च्या आसपास आकडा दिसला तर ती दुसरी फेज आहे, टेस्ट लॅम्प लावलात तर बल्ब फुटेल.

आणखी एक: जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडताना आढळते. बटण बंद असूनही फॅनच्या दोन्ही टोकांवर टेस्टर लागतो. हे आधी सरळ करून घ्या. स्मार्ट स्विचला येणारी वायर फेजच हवी.

मोटरचा झटका

मोटर बंद होताना उलटा व्होल्टेज उसळतो. त्याने स्विच रिस्टार्ट होतो किंवा रिलेचे कॉन्टॅक्ट हळूहळू जळून चिकटतात. उपाय म्हणजे आरसी स्नबर: १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एकामागे एक. कपॅसिटरवर ‘एक्स२’ आणि २७५ व्होल्ट एसी छापलेले असलेच पाहिजे. साधा ४०० व्होल्ट डीसीचा नको, तो आत शॉर्ट होऊ शकतो. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर स्नबरमधला रेझिस्टर चांगलाच तापतो, २ वॉटचा घ्या.

तो लावायचा कुठे, यात चुका होतात. फॅनच्या दोन टोकांवर लावा, किंवा स्विचच्या आउटपुट आणि न्यूट्रलमध्ये. स्विचच्या इनपुट-आउटपुटवर लावला तर स्विच बंद असतानाही सुमारे ७ मिलिअँपिअर फॅनमधून जात राहतात आणि जी गुणगुण घालवायला निघालात ती परत आणता.

आधीच चिकटलेला रिले स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकला की सुटतो. तो उद्या परत चिकटेल, स्विच बदला. नव्या स्विचवर १० अँपिअर लिहिले असले तरी तो आकडा सहसा दिवा-हीटरसारख्या लोडचा असतो. मोटरसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तोच बघा.

वायफाय आणि सेटिंग

बहुतेक स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. लोखंडी बॉक्स आणि जाड दगडी भिंत सिग्नल खातात, बॉक्स प्लॅस्टिकचा बसवा. राउटर इन्व्हर्टरच्या लाईनवर जोडा. वीज परत आल्यावरची स्थिती ‘बंद’ ठेवा, नाहीतर दुपारी लाईट येते आणि रिकाम्या घरात फॅन फिरत बसतो. वीस मिनिटांचा ऑटो-ऑफ लावा.

आर्द्रतेच्या सेन्सरवर फॅन चालवत असाल तर ७० टक्क्यांसारखा ठरलेला आकडा बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात निरुपयोगी आहे. जुलैत बाहेरचीच हवा ८० च्या वर असते, फॅन दिवसरात्र थांबणार नाही. बाहेरच्या खोलीतल्या सेन्सरपेक्षा न्हाणीतली आर्द्रता १० टक्क्यांनी वाढली तर चालू, फरक ५ वर आला की बंद, असे लावा. दोन सेन्सर परवडत नसतील तर जून ते सप्टेंबर सेन्सर बंद ठेवून नुसता टायमर वापरा.