आवाज येतोय म्हणजे मजकूर आलाय असं नाही: स्क्रीन रीडरवाल्यांनो, या चुका टाळा

परवा रात्री पावणेअकराला फोन. "ताई, एनव्हीडीए मेलं. काढून परत टाकू का?" (एनव्हीडीए म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर.) म्हटलं थांब, आधी सांग तुझे हेडफोन कुठे आहेत. हेडफोन बॅगेत, चालू, ब्लूटूथने लॅपटॉपलाच जोडलेले, आणि एनव्हीडीए बिचारं बॅगेत बडबडत बसलेलं. असे फोन मला महिन्याला चार-पाच येतात. मी स्वतः पूर्ण अंध आहे, बरीच वर्षं अंध आणि अल्पदृष्टी मुलामुलींना कॉम्प्युटरवर वाचायला-लिहायला शिकवते, आणि तेच तेच सांगून आता घसा बसलाय म्हणून हे लिहून ठेवते.

तर आवाज गेला की आधी हेडफोन बघा. मग इन्सर्ट-एस दाबून बघा (लॅपटॉपवाल्यांनी बहुतेक कॅप्स लॉकला एनव्हीडीए की, म्हणजे एनव्हीडीएला हुकूम द्यायचं बटण, केलेलं असतं, त्यांनी कॅप्स लॉक-एस), कारण घाईत ते दाबलं जातं आणि बोलणं बंद होतं किंवा नुसते बीप ऐकू येतात, परत दोन-तीनदा दाबलं की गाडी रुळावर. फक्त वर्डमध्येच बोलत नाही आणि बाकी सगळीकडे बोलतंय, असं असेल तर स्लीप मोड लागलाय, म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरतं एनव्हीडीए झोपलंय, इन्सर्ट-शिफ्ट-एस दाबा, लॅपटॉप लेआउटला एसच्या जागी झेड. आणि कीबोर्ड प्रत्येक बटणाचं नाव सांगतोय पण लिहीत काहीच नाही, तर इन्सर्ट-१ दाबलंय तुम्ही, तेच परत दाबा. यातल्या एकाही गोष्टीसाठी सॉफ्टवेअर काढून परत टाकायची गरज नसते. पण नवशिक्यांना दोन मिनिटं थांबून विचार करण्यापेक्षा रीइन्स्टॉलची दोन तासांची पूजा जास्त आवडते.

नोटपॅड आणि माझी शंकांची फाईल

ही चूक माझी लाडकी, कारण ती मीच केलेली आहे. २०१७ साल, लॅपटॉप विंडोज ७ चा. मराठी भाषेवर दोन दिवसांचं चर्चासत्र होतं, सहा सत्रं. मी नोटपॅड उघडून बसले कारण ते हलकं, अडकत नाही. दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस, शहाण्या मुलीसारखं. तेव्हाच्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून सेव्ह केलं की एक डायलॉग यायचा, त्याचा अर्थ एवढाच की या फाईलमध्ये युनिकोड अक्षरं आहेत (मराठी त्यातलीच), आन्सी या जुन्या पद्धतीत सेव्ह केलीत तर ती जातील. आणि फोकस आधीच ओकेवर. एनव्हीडीएने "धिस फाईल कंटेन्स" एवढं म्हणेपर्यंत माझं एंटर दाबून झालेलं असायचं. बोटांची सवय, दुसरं काय.

गंमत म्हणजे खिडकी उघडी असेपर्यंत मजकूर तिथे जसाच्या तसा असतो. मी मध्येमध्ये वर जाऊन वाचून बघत होते, सगळं छान ऐकू येत होतं. रात्री लॅपटॉप नुसता मिटून ठेवला, बंद केलाच नाही. दुसऱ्या दिवशी तीच खिडकी, तेच एंटर. संध्याकाळी फाईल तिघींना मेल केली कारण त्यांनी नोट्स मागितल्या होत्या, आणि मग खिडकी बंद केली. घरी येऊन फाईल उघडली तर धड काही बोलेना. उजवा बाण दाबत एकेक अक्षर ऐकलं. क्वेश्चन. क्वेश्चन. क्वेश्चन. पंचवीस-तीस पानं नुसती प्रश्नचिन्हं. तिघींपैकी एकीचा मेसेज आला, "चर्चासत्रात शंका फार विचारल्यास वाटतं तू."

विंडोज १० च्या २०१९ मधल्या अपडेटपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी टिकेल अशा पद्धतीत, सेव्ह करतं, त्यामुळे आता हा धोका बराच कमी. पण संस्थांमधले, सायबर कॅफेतले जुने कॉम्प्युटर अजून आहेत. तिथे सेव्ह अ‍ॅजमध्ये टॅब दाबत एन्कोडिंगपर्यंत जा आणि यूटीएफ-८ निवडा. आणि माझी सवय सांगते, पटली तर घ्या: लिहून झालं की फाईल बंद करायची, परत उघडायची, कंट्रोल-एंडने तळाला जायचं, शेवटच्या तीन ओळी ऐकायच्या, मगच लॅपटॉप मिटायचा. उघड्या खिडकीत ऐकलेलं मी तपासलेलं धरत नाही. आणि डायलॉग आला की तो संपेपर्यंत हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर. हसू नका, मी खरंच असं करते.

स्कॅन केलंय म्हणजे पुस्तक मिळालंय असं नाही

एका मुलाने स्पर्धा परीक्षेसाठी साडेतीनशे पानांच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानातून स्कॅन करून घेतल्या, मित्राने ओसीआर (फोटोतल्या अक्षरांचा वाचता येईल असा मजकूर) करून दिलं, हा खूश. आठवडाभर ऐकून पाठ केलं. मग माझ्याकडे आला आणि म्हणाला की भिडेवाड्यातल्या शाळेत ५० टक्के जागा राखीव होत्या. मी म्हटलं काय? त्याने फाईल ऐकवली: "१८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींसाठी मागासवर्गीयांना ५० टक्के जागा राखीव शाळा सुरू केली ठेवल्या." झालं असं की दुकानदाराने पुस्तक उघडं पसरून दोन पानं एकाच फोटोत घेतली होती, आणि ओसीआरने डाव्या पानाची ओळ संपली की सरळ उजव्या पानाची ओळ जोडली होती. डावीकडे फुले, उजवीकडे शाहू महाराजांचा १९०२ चा जाहीरनामा. डोळसाला एका नजरेत कळलं असतं, त्याला आठ दिवस लागले, आणि पाठ केलेलं विसरायला अजून आठ.

त्यामुळे एक पान, एक फोटो. ३०० डीपीआयच्या (स्कॅन किती बारीक आहे त्याचं माप) खाली स्कॅन करून घेऊ नका, दुकानदार फाईल लहान व्हावी म्हणून १५० वर करतो, त्यात मात्रा आणि अनुस्वार गळतात. आणि सगळं पुस्तक करायच्या आधी फक्त पाच पानं करून घ्या, दुकानातच उभं राहून फोनवर ऐका. दुकानदार वैतागतो. वैतागू दे.

ओसीआर करताना भाषा मराठी निवडली होती का, हे ओळखायची माझी एक युक्ती आहे: फाईलमध्ये ळ शोधायचा. दहा पानं मराठी आणि एकही ळ नाही असं होऊच शकत नाही, मग समजायचं कोणीतरी हिंदी लावून मोकळं झालंय.

याचा सख्खा भाऊ म्हणजे जुन्या फॉन्टातल्या फाईली. कोणीतरी प्रेमाने "टाईप केलेली" फाईल पाठवतं, ती कृतिदेवमध्ये असते. पडद्यावर "मराठी" दिसतं पण आत इंग्रजी अक्षरंच आहेत, स्क्रीन रीडरला ती ई, जे, के, कॅपिटल बी, एच अशी दिसतात आणि तो तेच वाचणार, त्याची काय चूक. पाठवणारा म्हणतो "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय". युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा, पण काढल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द ऐकून बघा, कारण त्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षरानंतर, कन्व्हर्टर तिथेच गडबडतात.

आणि हे सगळं करायच्या आधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे अंधांना वाचता येतील अशा पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, शोधलंत का? २०१६ पासून आहे ते. एकच पुस्तक चार गावांतली चार मुलं चार वेळा स्कॅन करतात आणि कोणी कोणाला सांगत नाही.

फोनने पानाचा फोटो काढताना अंदाजपंचे हात वर धरू नका. फोन पानाच्या मधोमध आडवा ठेवा, दोन्ही कोपरं टेबलावर टेका, तसाच सरळ वर उचला, साधारण वीतभर आणि वर थोडं. गुळगुळीत कागद असेल तर फ्लॅश बंद.

ब्रेल सोडलं की शुद्धलेखन गेलं

इथे माझं मत जरा कडवट आहे. "आता सगळं बोलतं, ब्रेल कशाला" असं म्हणणाऱ्या मुलांचे अर्ज मी वाचते. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर, यातला फरक मशीनच्या आवाजात, त्यात स्पीड वाढवलेला, कानाला कळतच नाही. दहावीपर्यंत नुसतं ऐकलेलं पोर "पूस्तक" लिहितं आणि त्याचा दोष नसतो, त्याने तो शब्द कधी पाहिलेलाच नाही, ना डोळ्याने ना बोटाने. भारती ब्रेलमध्ये (आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये) ऱ्हस्व इ म्हणजे २ आणि ४ नंबरची टिंबं आणि दीर्घ ई म्हणजे ३ आणि ५ नंबरची, बोटाखाली दोन्ही वेगळी लागतात, एक वर चढल्यासारखी आणि दुसरी खाली. ब्रेल डिस्प्ले (कॉम्प्युटरवरचा मजकूर बोटाखाली ब्रेलमध्ये उठवणारं यंत्र) परवडत नाही हे मला मान्य आहे, वीस खान्यांचा छोटासुद्धा सगळ्यांच्या आवाक्यातला नाही. पण ब्रेल पाटी तर शाळेतली घरात पडलेली असते ना? दिवसाला एक पान वाचा, नवे शब्द पाटीवर टोचून ठेवा. तेवढंही नको असेल तर निदान नवा शब्द आला की बाण दाबत अक्षर-अक्षर ऐका.

बोलून टाईप करणाऱ्यांना हेच दुप्पट लागू. बोललात, पाठवलंत, परत ऐकलं नाहीत, मग साहेबांना "रजा मंजूर करावी"च्या जागी "राजा मंजूर करावी" जातं. इन्स्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, काकू म्हणण्याइतकी सोपी मांडणी आहे: के-ई-के-टी. पंधरा दिवस बोटं रडतील, मग नाही.

अल्पदृष्टी असलेल्यांची चूक वेगळी. दिसतंय तोवर स्क्रीन रीडर नको, हा हट्ट. नाक स्क्रीनला टेकवून चार तास वाचायचं आणि मग मान धरली म्हणून डॉक्टरकडे. विंडोजच्या भिंगाचं (मॅग्निफायरचं) झूम सगळ्यांना सारखं उपयोगी नसतं, हेही लक्षात घ्या. ज्यांचं दृष्टिक्षेत्र नळीसारखं अरुंद झालंय, आरपीवाले (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) बरेचसे, त्यांनी अक्षर फार मोठं केलं तर एका वेळी दोनच अक्षरं दिसतात आणि ओळ हरवते. त्यांनी आधी रंग उलटे करून बघावेत, मॅग्निफायर चालू असताना कंट्रोल-ऑल्ट-आय. लांब मजकूर कानाने, तक्ते आणि आकृत्या डोळ्याने, अशी वाटणी माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी केली ते निवांत आहेत.

बाकी किरकोळ. स्पीड मित्राएवढा ठेवू नका, स्वतःला कळेल एवढा ठेवा. चोरीचं सॉफ्टवेअर नको, एनव्हीडीए २००६ पासून फुकट आहे. आम्ही जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरच्या चाळीस मिनिटांच्या डेमोवर रिस्टार्ट करत करत नोट्स काढल्यात, तुमच्यावर तीही वेळ नाही. फाईलला "न्यू टेक्स्ट डॉक्युमेंट १४" हे नाव ठेवणाऱ्याला मी शोधून देत नाही. वर्डमध्ये मथळ्याला कंट्रोल-ऑल्ट-१ लावा, नुसतं बोल्ड करू नका, मग इन्सर्ट-स्पेस दाबून एच एच करत धड्यांवरून उड्या मारता येतात. वर्गात शब्द नीट ऐकू आला नाही तर थांबू नका, तिथे "पपप" टाईप करा आणि पुढे चला, घरी कंट्रोल-एफने सगळे पपप शोधा.

आणि रेकॉर्डिंग. एका मुलीकडे पूर्ण सेमिस्टरचं मिळून साठ तासांचं रेकॉर्डिंग होतं आणि परीक्षेला नऊ दिवस. दुप्पट वेगाने ऐकलं तरी तीस तास, आणि हवी ती व्याख्या नेमकी कुठल्या फाईलमध्ये ते देवालाच ठाऊक. रेकॉर्ड करा, पण एका कानात इअरफोन घालून शेजारी फाईलही उघडी ठेवा आणि महत्त्वाचं काही आलं की नुसती मिनिटं लिहा: "२३, व्याख्या", "४१, हे परीक्षेला येतं म्हणाले". तेवढं पुरतं. फोन मात्र फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर अगदी एक्केचाळिसाव्या मिनिटाला घरून फोन येतो आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.